गावाचा रेडिओ काढायचा, तर पैसे किती लागतात?

बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूर गावात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने सुटे भाग जोडून पन्नास रुपयांत प्रक्षेपक बनवला, बांबूच्या टोकाला एरियल बांधली आणि पंचक्रोशीला गाणी, आरोग्याची माहिती, हरवलेल्या माणसांची वर्णनं ऐकवायला सुरुवात केली. २००६ मध्ये त्याची बातमी परदेशापर्यंत पोचली आणि त्याच वर्षी परवाना नाही म्हणून केंद्राला टाळं लागलं. रेडिओ हे स्वस्त माध्यम, असं म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात अजून असंच काहीतरी असतं.

संस्थेच्या बैठकीत कुणीतरी उठून ‘आपलंही एक एफएम असावं’ म्हणतो, तेव्हा पुढचा प्रश्न ‘मशीन कितीला पडेल?’ हाच येतो. उत्तर देऊन टाकतो. खोलीपासून मनोऱ्यापर्यंत सगळं नव्याने उभं करायचं तर ढोबळ मानाने आठ ते साडेतेरा लाख रुपये. पण विचारायला हवा तो आकडा हा नव्हे. केंद्र नीट चालवायला महिन्याला साधारण नव्वद हजार लागतात, म्हणजे वर्षाला दहा लाख ऐंशी हजार. उभारणीला एकदा जेवढे गेले, जवळपास तेवढेच दर वर्षी. सामुदायिक रेडिओच्या २०२४ च्या सुधारित नियमांनुसार परवानगी दहा वर्षांची मिळते. कुणाचाही पगार न वाढवता आणि महागाई शून्य धरून त्या दहा वर्षांचे एक कोटी आठ लाख होतात. बैठकीत हा आकडा फळ्यावर लिहावा आणि मग किती हात वर राहतात ते पाहावं.

यंत्रांचे आणि मानधनाचे इथले आकडे तालुक्याच्या गावातल्या मध्यम केंद्राचा अंदाज आहेत. तुमच्याकडे ते वरखाली होतील, म्हणून तीन ठिकाणची कोटेशन्स मागवल्याशिवाय ठराव करू नका.

अर्ज कुणी करायचा?

व्यक्तीला परवानगी मिळत नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांना आणि राजकीय पक्षांना किंवा त्यांच्याशी जोडलेल्या संघटनांना मिळत नाही. शिक्षणसंस्था, कृषी विद्यापीठं, कृषी विज्ञान केंद्रं आणि किमान तीन वर्षं नोंदणी असलेल्या सेवाभावी संस्था अर्ज करू शकतात. नोंदणी कालपरवाची असेल तर थांबा. जुन्या संस्थेच्या नावावर अर्ज करून केंद्र आपण चालवू, असा मार्ग कुणी सुचवेल; तो धरू नका. परवानगी दुसऱ्याला देता येत नाही आणि भांडण झालं की मनोरा त्यांचा राहतो.

हा हक्क आला कुठून, तेही माहीत असावं. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती सरकारच्या किंवा कुणाच्या मक्तेदारीची नाही. त्या खंडपीठात न्या. पी. बी. सावंत होते. खटला क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाचा होता. फायदा मात्र शेतकऱ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या रेडिओला झाला, तोही अगदी सावकाश. शिक्षणसंस्थांना २००२ मध्ये दार उघडलं आणि २००४ मध्ये चेन्नईत अण्णा विद्यापीठाचं पहिलं केंद्र सुरू झालं. सेवाभावी संस्थांना २००६ च्या धोरणाची वाट पाहावी लागली. १५ ऑक्टोबर २००८ रोजी आताच्या तेलंगणातल्या पस्तापूर परिसरातल्या दलित शेतकरी बायकांचं ‘संघम रेडिओ’ हवेत गेलं, तेव्हा निकालाला तेरा वर्षं उलटून गेली होती. २०२४ च्या सुरुवातीला देशात ४८१ केंद्रं होती. एवढ्या मोठ्या देशाला ती किती पुरतात, ते ज्याचं त्याने ठरवावं.

कागदांचा खर्च

हा भाग सर्वांत स्वस्त आणि सर्वांत वेळखाऊ. अर्ज माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ पोर्टलवर ऑनलाइन जातो. २००६ च्या धोरणात अर्जाचं शुल्क २,५०० रुपये आणि बँक हमी २५,००० रुपये अशी होती. भरण्याआधी पोर्टलवरचा त्या दिवसाचा आकडा पाहून घ्या. छाननी झाली की इरादापत्र मिळतं. आता त्याची मुदत एक वर्ष असते, अडचण आली तर आणखी तीन महिने. त्या मुदतीत दूरसंचार विभागाकडून वारंवारिता घ्यायची, मनोऱ्याच्या जागेची मंजुरी मिळवायची, करारावर सही करायची आणि शेवटी वायरलेस परवाना हातात घ्यायचा. ९०.४, ९०.८, १०७.८ असे आकडे या केंद्रांच्या नावामागे दिसतात, ते ठरतात याच टप्प्यावर. म्हणून नाव, बोधचिन्ह आणि पाट्या आधी छापून ठेवू नका.

वारंवारितेच्या वापराचं शुल्क वेगळं. २०१२ मध्ये ते वर्षाला १९,७०० वरून एकदम ९१,००० करण्यात आलं. देशभरातल्या केंद्रांनी निषेध म्हणून प्रक्षेपण बंद ठेवलं आणि नंतर ती वाढ मागे घेतली गेली. सरकारी दर असे अचानक हलू शकतात, म्हणून अंदाजपत्रकात एक लाखाची फट कायम ठेवावी.

कागदांसाठी सल्लागार नेमावा का? संस्थेत कुणाला पोर्टल, डिजिटल सही आणि लेखापरीक्षणाचे अहवाल यांची सवय असेल तर नको. पस्तीस-चाळीस हजारांत ‘सगळं करून देतो’ म्हणणारे भेटतात. त्यातलं निम्मं काम तुमच्याच कपाटातली कागदपत्रं शोधण्याचं असतं.

एकदाच होणारा खर्च

नियमानुसार प्रक्षेपणाची परिणामी शक्ती साधारण १०० वॅटपर्यंत आणि अँटेना जमिनीपासून जास्तीत जास्त ३० मीटर उंच. बहुतेक केंद्रं ५० वॅटचा प्रक्षेपक घेतात आणि बाकीचं काम अँटेनाकडून करून घेतात. प्रक्षेपक, अँटेना आणि केबल मिळून अडीच ते चार लाख धरा. ऑनलाइन बाजारात दहा-पंधरा हजारांचे परदेशी प्रक्षेपक दिसतात. ते घेऊ नका. परवान्याविना असं यंत्र चालवणंच काय, बाळगणंही गुन्हा आहे.

मनोऱ्याला पायासह दोन ते चार लाख. इथे घासाघीस करणारे एक गोष्ट विसरतात: मनोरा स्टुडिओपासून जितका लांब तितकी केबल लांब, आणि केबलीत शक्ती विरते. महागड्या प्रक्षेपकाचे वॅट वाटेतच गरम होऊन जातात. मनोरा भिंतीला लागून असेल तर उत्तम. अर्थिंग आणि वीजरोधक यांना तीस ते पन्नास हजार लागतात आणि ते द्यायचेच. मे महिन्यातल्या वळवाच्या पावसात माळावरचा ३० मीटर लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रण. एका कडाक्यात प्रक्षेपक, मिक्सर आणि संगणक तिन्ही जातात. अर्थिंगचे खड्डे फेब्रुवारी-मार्चमध्ये तपासून घ्यावेत, त्यात पाणी घालावं. हे काम कुणाचं ते नावानिशी लिहून ठेवलं नाही तर ते कुणाचंच नसतं.

स्टुडिओसाठी दोन खोल्या पुरतात. एकीत बोलायचं, दुसरीत संपादन. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर खास पट्ट्या, जाड पडदे, गालिचा आणि दुहेरी दार, या सगळ्याला पन्नास हजार ते दीड लाख. अंड्यांचे ट्रे चिकटवण्याचा लोकप्रिय उपाय करू नका. त्याने बाहेरच्या ट्रॅक्टरचा आवाज थांबत नाही, आणि आग लागली तर ते भरभर पेटतात. त्यापेक्षा रस्त्याच्या विरुद्ध बाजूची, पत्र्याऐवजी स्लॅब असलेली खोली निवडा. पत्र्याच्या खोलीत चार महिने पावसाचंच निवेदन चालतं.

मिक्सर, तीन मायक्रोफोन, हेडफोन, दोन संगणक, स्पीकर आणि बाहेर न्यायचे दोन रेकॉर्डर असं सगळं दोन ते अडीच लाखांत बसतं. संपादनाला ‘ऑडॅसिटी’ फुकट मिळतं आणि पुरतं. केंद्र चालवण्यासाठीच ‘ग्राम वाणी’ने बनवलेली ‘ग्रिन्स’ ही प्रणालीही आहे. इन्व्हर्टर, बॅटऱ्या आणि स्टॅबिलायझर यांना साठ हजार ते एक लाख. वीज दिवसातून तीनदा जात असेल तर वरच्या टोकाला जा.

प्रसारित झालेला प्रत्येक कार्यक्रम तीन महिने जपून ठेवावा लागतो. ऐकून धास्ती वाटते, पण हिशेब करून पाहा. सर्वसाधारण दर्जाची एमपीथ्री फाइल तासाला सत्तावन्न-अठ्ठावन्न एमबी घेते. रोज दहा तास धरले तरी नव्वद दिवसांचे जेमतेम ५२ जीबी होतात. यासाठी कुणी वेगळा सर्व्हर गळ्यात मारत असेल तर नम्रपणे नकार द्या आणि बाजारातल्या दोन हार्ड डिस्क घ्या. एक केंद्रात, एक संस्थेच्या कपाटात.

यंत्रांच्या खर्चाला केंद्र सरकारच्या योजनेतून अनुदान मिळू शकतं. पण ते हातात पडेल तेव्हा पडेल. अनुदान आलंच नाही तरी केंद्र उभं राहील, अशी तजवीज आधी करावी. अनुदानाच्या भरवशावर मनोऱ्याची ऑर्डर देणारी संस्था पुढचं वर्ष व्याज भरते.

अंदाजपत्रकात बहुधा नसलेली एक रक्कम मी हट्टाने घालायला सांगेन: ऐकणाऱ्यांचे रेडिओ. अनेक स्मार्टफोनमध्ये एफएम नसतं. असलं तरी हेडफोनची तार लावल्याशिवाय ते लागत नाही. साधे एफएम संच पाचशे ते नऊशे रुपयांना मिळतात. पन्नास संच अंगणवाडी, शाळा, चहाची टपरी, दूध डेअरी, केशकर्तनालय असे वाटले तर पस्तीस हजार. या पस्तीस हजारांत जितके कान मिळतात तितके ताकदवान प्रक्षेपक घेऊनही मिळत नाहीत. आणि एफएम सरळ रेषेत जातं. डोंगराच्या पल्याडची वाडी नकाशावर चार किलोमीटरवर असली तरी तिला ऐकू येणार नाही. अर्ज भरण्याआधी दहा किलोमीटरच्या वर्तुळात किती गावं येतात आणि त्यातली किती डोंगराच्या सावलीत आहेत, हे पायी किंवा दुचाकीवर फिरून पाहून घ्या.

महिन्याचे नव्वद हजार

केंद्रप्रमुख बावीस हजार. दोन निर्माते-निवेदक प्रत्येकी चौदा. गावोगाव फिरून रेकॉर्डिंग आणणारी व्यक्ती दहा. अर्धवेळ तंत्रज्ञ आठ. झाले अडुसष्ट हजार. स्वयंसेवकांचा प्रवास आणि पाहुण्यांचं मानधन आठ हजार. एसीसह महिन्याला साडेचारशे युनिट धरले आणि दर अकरा रुपये धरला तर वीज पाच हजार. इंटरनेट आणि फोन दीड हजार, दुरुस्तीचा राखीव निधी पाच, हिशेबनीस अडीच. बेरीज नव्वद. खोलीचं भाडं यात नाही. जागा संस्थेची असावी हे गृहीत.

यात काटछाट कुठे होते, ते कुणीही सांगेल. यंत्र तर घेऊन झालेलं असतं, विजेचं बिल चुकवता येत नाही, मग राहतात माणसं. फिरून रेकॉर्डिंग आणणारी व्यक्ती आधी जाते. मग दोनपैकी एक निवेदक. सहा महिन्यांत केंद्रावर संगणक गाणी वाजवतो आणि मधूनमधून कुणीतरी वेळ सांगतं. यंत्रणा ठणठणीत आणि महिन्याचा खर्च बराच कमी. फक्त त्या गाण्यांसाठी रेडिओ काढायची गरज नव्हती, ती प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेतच. शिवाय निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक पातळीवर, लोकांच्या सहभागातून बनलेले असावेत असा नियम आहे. चित्रपटगीतांच्या हक्कांची परवानगी आणि तिचे पैसे हा आणखी वेगळा खर्च.

म्हणून केंद्राचा खरा दर तासाला मोजावा. रोज आठ तास प्रक्षेपण म्हणजे महिन्याला २४० तास. तासाला ३७५ रुपये. ऐकायला स्वस्त. पण आठपैकी सकाळचं संध्याकाळी पुन्हा लावलेलं वजा करून नवे, स्वतः बनवलेले तास रोज दोनच असतील तर तो दर १,५०० रुपये होतो. वर्षअखेरीस संस्थेच्या विश्वस्तांपुढे हा दुसरा आकडा ठेवावा.

विकास, संस्कृती, शांतता: प्रत्येकाचं बिल वेगळं

अनुदानाच्या अर्जांत हे तीन शब्द एका दमात येतात. खर्च करताना ते सुटे करावे लागतात.

विकासाचा कार्यक्रम सर्वांत स्वस्त. कृषी विज्ञान केंद्राचे तज्ज्ञ, आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर, बँकेचे अधिकारी, पशुवैद्यक येतात, बोलतात, फोनवर प्रश्न घेतात. अर्ध्या तासाला चहा-फोन धरून दोन-तीनशे. अट एकच: तज्ज्ञाने भाषण करायचं नाही. ‘पाण्याचा सामू तपासून फवारणी करावी’ या वाक्यानंतर निवेदकाने थांबवून ‘तपासायचा कशाने आणि कागद मिळतो कुठे?’ हे विचारलं नाही तर ते दोन-तीनशेही फुकट. साताऱ्यातल्या म्हसवडला माणदेशी फाउंडेशनचं ‘माणदेशी तरंग वाहिनी’ २००८ पासून चालतं. त्याच्यामागे बायकांची बँक आणि दुष्काळात चालवलेली चारा छावणी असं काम असल्यामुळे तिथे विषय शोधत बसावं लागत नाही. ज्या संस्थेचं मुळात गावात कामच नाही, तिने रेडिओ काढून काय सांगायचं?

संस्कृती महाग पडते. समजा शेजारच्या गावातल्या चार बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या आहेत. दोन माणसांचा दिवस १,०८० रुपये, पेट्रोल ३००, चौघींचं मानधन १,२००, चहा-फराळ १५०, संपादनाचा एक दिवस ५४०. अर्ध्या तासाचे ३,२७० झाले. ते वसूल करायचे तर घाई करायची नाही. पहिला तास रेकॉर्डर नुसता ठेवून द्यावा. बायका आधी ठरवून ठेवलेलं, शाळेत म्हणतात तसं म्हणून दाखवतात. कुणीतरी मध्येच ‘अगं, ती भावाची म्हण की’ म्हणते, दुसरी आठवते, पहिली तिला दुरुस्त करते आणि मग खरं काम सुरू होतं. कोंबड्या हाकलू नका, त्या अंगणाच्याच आहेत. मात्र शेजारची पिठाची गिरणी वीज आल्याबरोबर सुरू होणार, तेव्हा भारनियमनाची वेळ विचारूनच जा. ओव्यांसाठी वीज नसलेलीच बरी. तीन तासांचं रेकॉर्डिंग मिळालं तर त्यातून चार भाग निघतात. संपादनाचे आणखी तीन दिवस धरले तरी भागाला सव्वाबाराशेच पडतात.

मानधन द्यायचंच. ‘बायका हौसेने म्हणतात’ हे खरं आहे, पण निवेदकही हौसेनेच आलेला असतो आणि त्याला चौदा हजार मिळतात. सोबत एक साधा मराठी कागद ठेवा: आवाज रेडिओवर लागेल, यूट्यूबवर जाईल की नाही, दुसऱ्या केंद्राला देता येईल की नाही. कागद वाचून दाखवा आणि मग सही किंवा अंगठा घ्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या आवाजांचं मोल वेगळं सांगायला नको.

शांततेचा खर्च अंदाजपत्रकात कुठल्याच रकान्यात बसत नाही, म्हणून तो कुणी धरत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. जवळ एखादं केंद्र असतं तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही. पण त्या आठवड्यांत मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांना, लोकांच्या ओळखीच्या आवाजात आणि त्यांच्या भाषेत, दिवसातून पाचदा उत्तर द्यायला काय लागलं असतं, याचा हिशेब करता येतो.

एक, पोलीस ठाणं आणि तहसील यांच्याशी आधीपासून जोडलेला फोन. सामुदायिक रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा किंवा स्थानिक भाषेत अनुवाद करून लावता येतात. म्हणजे ‘असं घडलंय का हो?’ याचं उत्तर निवेदकाच्या मनाने देऊन चालत नाही; अधिकाऱ्याचं निवेदन त्याच्याच आवाजात मिळवावं लागतं, आणि तेही तासाभरात. दोन, तिथल्या भाषेचा निवेदक. जिथे घरात पावरी, भिली किंवा अहिराणी बोलतात तिथे प्रमाण मराठीतली सूचना सरकारी गाडीवरच्या भोंग्यासारखी वाटते. अर्धवेळ निवेदकाला महिन्याला सात-आठ हजार. तीन, गावातल्या सगळ्या वस्त्यांतले लोक केंद्रात एरवीही येत-जात असणं. तणावाच्या दिवशी दोन्ही मोहल्ल्यांतल्या ज्येष्ठांना माईकपुढे बसवायचं तर ते आधी वर्षभर कुठल्यातरी साध्या कार्यक्रमात, पाककृतीच्या म्हणा की जुन्या बाजाराच्या आठवणींच्या, तिथे बसलेले असावे लागतात. ऐन वेळी बोलावलेला माणूस येत नाही. आला तर तोलून-मापून बोलतो आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

सल्लागार व आशय समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा आता नियम आहे. नावापुरत्या घेतल्या तर हा कागदाचा आणखी एक तुकडा. पण तणावाच्या काळात कुठली अफवा कुठून निघाली, हे पाणवठ्यावर आणि बचत गटात आधी कळतं. ते केंद्रापर्यंत पोचवणाऱ्या बायका समितीत असतील तर फोन करायला तास वाचतो.

मिळकत

आता दुसरी बाजू. २०२४ पासून तासाला १२ मिनिटं जाहिराती लावता येतात आणि सरकारी जाहिरातीचा दर दहा सेकंदांना ७४ रुपये आहे. आधी तो ५२ होता. कागदावर गणित फार छान जमतं. नव्वद हजार भागिले ७४ म्हणजे महिन्याला साधारण १,२१६ तुकडे, रोजचे चाळीस. दिवसभरात सात मिनिटांपेक्षाही कमी जाहिराती लावल्या की खर्च निघाला!

तसं होत नाही. सरकारी जाहिराती मोहिमांबरोबर येतात आणि जातात, बिलं उशिरा सुटतात, आणि त्या मिळवण्यासाठी आधी यादीत नाव लागावं लागतं. स्थानिक दुकानदार या दराने घेणार नाही. वीस सेकंदांची जाहिरात रोज तीनदा, महिनाभर, या दराने १३,३२० रुपये होतात. खताचं दुकान चालवणारे अण्णा म्हणतील, एवढ्यात मी दोन भिंती रंगवतो. त्यांना दीड-दोन हजारांचं महिन्याचं पॅकेज द्या, पण जाहिरात चांगली बनवून द्या. त्यांच्याच गिऱ्हाइकाचा आवाज घ्या. अशी पंधरा दुकानं म्हणजे बावीस ते तीस हजार. त्यावर सरकारी खात्यांचे प्रायोजित माहितीपर कार्यक्रम, कॉलेज असेल तर अभ्यासक्रमाच्या निधीतला वाटा, सभासद श्रोत्यांची वार्षिक शंभर रुपयांची वर्गणी. नाशिकच्या ‘रेडिओ विश्वास’ला राष्ट्रीय सामुदायिक रेडिओ पुरस्कारांत शाश्वत कारभारासाठी पहिलं पारितोषिक मिळालं आहे, करोनाकाळात शिक्षकांच्या आवाजात शाळेचे पाठ ऐकवण्याच्या त्यांच्या उपक्रमाचीही तिथे दखल घेतली गेली. हिशेब शिकायचा तर अशा केंद्रात चार दिवस बसून यावं. पुरस्काराचं छायाचित्र बाजूला ठेवून खर्चाचं रजिस्टर दाखवा म्हणावं.

माझा अंदाज असा, की चांगलं चाललेलं ग्रामीण केंद्रही पहिल्या तीन वर्षांत खर्चाच्या निम्म्याच्या आसपास कमावतं. उरलेले पंचेचाळीस हजार दर महिन्याला संस्थेने कुठून आणायचे, याचं उत्तर बैठकीच्या इतिवृत्तात लिहिलेलं असल्याखेरीज अर्ज भरू नये.

एवढे नसतील तर

‘संघम रेडिओ’ची इमारत १९९८ मध्येच उभी राहिली होती. परवानगी यायला दहा वर्षं लागली. त्या दहा वर्षांत तिथल्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्या बियाण्यांवर, भरडधान्यांवर, गाण्यांवर कार्यक्रम रेकॉर्ड करत राहिल्या आणि टेप गावच्या बैठकींत लावून ऐकवत राहिल्या. कर्नाटकात बुदिकोटेच्या ‘नम्म ध्वनी’ने २००३ मध्ये प्रक्षेपकाला फाटा देऊन कार्यक्रम केबलच्या तारेतून घरोघर नेले.

आज हे आणखी सोपं आहे. बारा हजारांचा एक रेकॉर्डर, हाताशी असलेला लॅपटॉप, ‘ऑडॅसिटी’ आणि दोन माणसांचा आठवड्यातला एक दिवस. महिन्याला पाच-सहा हजारांत आठवड्याला एक अर्ध्या तासाचा कार्यक्रम बनतो. तो बचत गटाच्या बैठकीत स्पीकरवर लावा, व्हॉट्सअॅपवर पाठवा, आणि जवळ एखादं परवानाधारक केंद्र असेल तर त्यांना द्या. पुण्यात विद्यापीठाचं ‘विद्यावाणी’ आहे, बारामतीत ‘वसुंधरा वाहिनी’, अहिल्यानगरला ‘रेडिओ नगर’. निम्मे कार्यक्रम स्थानिक असावेत ही अट त्यांनाही आहे, त्यामुळे नीट बनवलेला ऐवज सहसा कुणी नाकारत नाही. वर्षभर, एकही आठवडा न चुकता हे जमलं, तर अर्जासोबत दाखवायला पन्नासेक कार्यक्रम हाताशी असतील आणि निवेदक कोण, याचंही उत्तर मिळालेलं असेल. चौथ्या महिन्यातच खंड पडला, तर संस्थेचे तीसेक हजार गेले आणि मनोऱ्याचे चार लाख वाचले.